ए-७ वरचा उंट

नांदेडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी विषय घेतला: स्वतःचं बुद्धिबळ इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, लिहायचं. विषय काही नवा नाही. दरवर्षी कुणीतरी तो घेतं आणि बहुतेक वेळा इंटरनेटवरून उतरवलेल्या कोडला आपल्या नावाचं मुखपृष्ठ लावून मोकळं होतं. हा मुलगा मात्र खेळाडू होता. मूळचा मुखेड तालुक्यातला, शालेय स्पर्धांत लातूर विभागाचा विजेता, पुढे राज्यस्तरावर खेळलेला. पहिल्याच सादरीकरणात त्याने सांगून टाकलं की इतरांची इंजिनं फसतात, कारण ती लिहिणाऱ्यांना बुद्धिबळ येत नाही, त्याला येतं.

मी त्याचा मार्गदर्शक होतो. त्याचं नाव इथे देत नाही. हे प्रकरण लिहून काढण्याचं कारण त्याच्या त्या वाक्यात आहे. खेळाडूला येणारं बुद्धिबळ प्रोग्राममध्ये नेमकं कुठे उपयोगी पडतं आणि कुठे आडवं येतं, हे या एका प्रकल्पात फार स्पष्ट दिसलं.

तसं पाहिलं तर ही वाट जुनी आहे. १९४८ ते १९६३ या काळात तीनदा जगज्जेतेपद मिळवणारा मिखाईल बोटविनिक विद्युत अभियंता होता आणि त्याने उतारवयातली कैक वर्षं 'पायोनियर' या प्रोग्रामवर घालवली. माणसासारख्या मोजक्याच खेळ्या तपासणारं यंत्र त्याला हवं होतं. ते पूर्ण डाव खेळण्यापर्यंत कधी पोचलंच नाही. १९६७ चा ज्युनिअर जगज्जेता, पोर्तो रिकोचा हुलिओ काप्लान, पुढे बुद्धिबळाचे प्रोग्राम लिहू लागला. लॅरी कॉफमन आणि वासिक राजलिच यांच्याकडे पुढे येतोच. पण आमच्या प्रकरणाला सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे हान्स बर्लिनर. १९२९ साली बर्लिनमध्ये जन्म, १९३७ मध्ये कुटुंब अमेरिकेत आलं. पोस्टाने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाची पाचवी जगज्जेतेपद स्पर्धा (१९६५ ते १९६८) त्याने जिंकली: १६ पैकी १४ गुण, १२ विजय, ४ बरोबऱ्या, एकही हार नाही. त्यानंतर चाळिशीत तो कार्नेगी मेलन विद्यापीठात पीएचडीला गेला आणि १९७४ साली ती मिळवली. प्रबंध बुद्धिबळाच्या प्रोग्रामवर. एका खेळीचा विचार करायला तीन-तीन दिवस घेणारा खेळाडू सेकंदाला हजारो स्थिती तपासणाऱ्या यंत्राकडे वळला, याची मला नेहमी गंमत वाटते.

नियम येणं आणि नियम लिहिणं

इंजिनचा पहिला भाग म्हणजे खेळ्यांची यादी. पटावरची स्थिती दिली की त्यातून नियमात बसणाऱ्या सगळ्या खेळ्या काढायच्या. हे काम खेळाडूला तासाभराचं वाटतं. ते बरोबर झालंय का, हे तपासायची एक पक्की रीत आहे, तिला 'पर्फ्ट' म्हणतात. सुरुवातीच्या स्थितीपासून ठरावीक अर्ध्या खेळ्यांपर्यंतच्या (अर्धी खेळी म्हणजे एका बाजूची एक चाल) सगळ्या शक्यता मोजायच्या. एका अर्ध्या खेळीनंतर २०, दोननंतर ४००, तीननंतर ८,९०२, चारनंतर १,९७,२८१, पाचनंतर ४८,६५,६०९. हे आकडे जगभर माहीत आहेत. आपला एकाने जरी चुकला तरी नियम लिहिण्यात कुठेतरी गफलत आहे.

त्याचे आकडे सुरुवातीच्या स्थितीत जुळले. मग मी त्याला चाचणीसाठी नेहमी वापरली जाणारी एक अंत्यखेळाची स्थिती दिली. पांढरा राजा ए-५ वर (अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या ओळीचा), पांढरं प्यादं बी-५ वर, त्याच ओळीच्या दुसऱ्या टोकाला एच-५ वर काळा हत्ती, आणि सी-७ वर काळं प्यादं. (बाकी मोहरी इथे महत्त्वाची नाहीत.) तिथले बरोबर आकडे १४, १९१, २,८१२, ४३,२३८ असे आहेत. त्याचे जास्त येत होते.

दोन दिवस तो आकड्यांवर संशय घेत बसला, स्वतःच्या कोडवर नाही. कारण 'एन पासाँ'मध्ये होतं. काळ्याने सी-७ वरचं प्यादं दोन घरं उडवून सी-५ वर आणलं की बी-५ चं पांढरं प्यादं ते जाता-जाता मारू शकतं. पण असं मारताना पाचव्या ओळीतून एकाच वेळी दोन प्यादी उठतात, मारणारं आणि मेलेलं, आणि हत्तीची थेट शह राजावर उघडी पडते. म्हणजे ही खेळी नियमबाह्य. त्याचा कोड फक्त 'हलणारं मोहरं राजापुढे बांधलेलं आहे का', म्हणजे ते एकटं हललं तर राजा उघडा पडतो का, एवढंच पाहत होता, आणि मध्ये दोन प्यादी असल्यामुळे उत्तर 'नाही' असं येत होतं.

"सर, असं पटावर कधी होतंच नाही," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने खरं होतं. त्याच्या डावांत ते कधी आलं नव्हतं. शिवाय त्याचा खेळ सुरू झाला तो गावातल्या पारावर, आजोबांसोबत. तिथे प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं, त्यामुळे एन पासाँचा प्रश्नच येत नाही. तो नियम त्याला शाळेत गुरुजींनी शिकवला. खेळाडू आपल्या अनुभवात आलेल्या स्थितींमधून नियम ओळखतो. यंत्र काही सेकंदांत लाखो स्थितींमधून जातं, त्यामुळे पटावर आयुष्यात एकदा दिसावी अशी गोष्ट त्याच्यासमोर रोज येते. या टप्प्यावर त्याचं विजेतेपद काहीच कामाचं नव्हतं. त्याच्याच गटातली एक मुलगी, जिला घोडा कसा चालतो हेही आधी विचारावं लागलं होतं, तिने ही चूक त्याच्या आधी शोधली. प्रत्येक खेळीनुसार मोजणी फोडून तिने फरक कुठे पडतोय ते पाहिलं. त्याला ते लागलं, पण पुढच्या कामाला त्याचा फायदाच झाला.

इंजिन प्यादी वाटतं तेव्हा

पुढचा भाग नेहमीचा. सर्वसाधारण स्थितीत तीस-पस्तीस खेळ्या शक्य असतात, सगळ्या पाहत बसलं तर चार-पाच अर्ध्या खेळ्यांतच गणित हाताबाहेर जातं. म्हणून अल्फा-बीटा छाटणी: एखादी खेळी वाईट आहे हे एका उत्तराने सिद्ध झालं की बाकीची उत्तरं तपासायची नाहीत. खेळ्यांचा क्रम चांगला लावला तर जवळपास दुप्पट खोलीपर्यंत जाता येतं. त्यावर 'शांत शोध': ठरलेल्या खोलीवर मारामारी चालू असेल तर ती संपेपर्यंत फक्त मारायच्या खेळ्या पाहत राहायचं, नाहीतर वजिराने प्यादं खाल्लं एवढंच दिसतं आणि पुढच्याच खेळीला वजीर जातो ते दिसत नाही. मूल्यमापन, म्हणजे स्थिती कुणाला किती चांगली हे आकड्यात सांगणं, सुरुवातीला साधं: प्यादं १००, घोडा ३२०, उंट ३३०, हत्ती ५००, वजीर ९००, आणि कुठलं मोहरं कुठल्या घरात बरं याचे तक्ते.

सहा अर्ध्या खेळ्या खोल जाणारं हे इंजिन त्याने स्वतःविरुद्ध खेळवलं आणि एका संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन माझ्या केबिनमध्ये आला. "सर, हे येडं झालंय का? उंट मरूलालाय आणि हे प्यादी वाटूलालंय."

स्थिती अशी. इंजिन पांढऱ्याकडून. त्याच्या उंटाने ए-७ वरचं फुकटचं प्यादं खाल्लं. काळ्याने बी-६ खेळून उंटाची परतीची वाट बंद केली. काळा राजा डी-७ वर होता. तिथून सी-८, मग बी-७, मग उंट खलास. ए-७ चं प्यादं खाण्यापासून मोजलं तर उंट मरतो आठव्या अर्ध्या खेळीला. इंजिन पाहत होतं सहापर्यंत. त्यामुळे खाताना त्याला एक प्यादं नफ्यात दिसलं. इथपर्यंत समजण्यासारखं आहे. पुढे जे झालं ते विचित्र. राजा जवळ आला, उंट जाणार हे दिसायला लागलं, आणि इंजिनने एक प्यादं पुढे ढकलून काळ्या वजिरावर हल्ला केला. काळ्याने ते प्यादं खाल्लं. मग दुसरं प्यादं, मग घोड्यावर तिसरं. उंट बी-६ वर देऊन निदान आणखी एक प्यादं वसूल करावं, हेही त्याने केलं नाही. शेवटी प्यादीही गेली आणि उंटही.

इंजिन येडं झालं नव्हतं. वजिरावर हल्ला केला की काळ्याला उत्तर द्यावंच लागतं. त्यात दोन अर्ध्या खेळ्या खर्च होतात आणि उंटाचं मरण पुन्हा सहाच्या पलीकडे जातं. इंजिनच्या लेखी पलीकडे गेलेलं मरण म्हणजे मरण नाहीच. एका प्याद्यात उंट वाचला, असा त्याचा हिशोब. जुन्या सावकाराचं व्याज भागवायला नव्या सावकाराकडून पैसे उचलणाऱ्या माणसाचा हिशोबही याच जातीचा असतो, आणि दर महिन्याला तो कागदावर बरोबरच दिसतो.

या दोषाला नाव दिलं ते बर्लिनरने, १९७३ साली: क्षितिज परिणाम. त्या काळच्या प्रोग्रामचे डाव पाहताना त्याच्या हे लक्षात आलं, आणि मला वाटतं ते एखाद्या जगज्जेत्याच्याच लक्षात यायला हवं होतं. प्रोग्राम लिहिणारे इतर लोक त्या खेळ्यांना 'कमकुवत' म्हणून सोडून देत होते. बर्लिनरला दिसलं की ही खेळी कमकुवत खेळाडूसुद्धा खेळणार नाही. तिच्यामागे वेगळंच कारण आहे आणि ते शोधाच्या रचनेतच आहे. खोली वाढवून ते कारण जात नाही, फक्त दूर सरकतं.

आमच्या विजेत्यानेही नेमकं हेच केलं होतं, नाव माहीत नसताना. गटातले बाकीचे आकडा कुठे घसरला ते बघत होते आणि उंट मेला त्या खेळीवर बोट ठेवत होते. हा म्हणाला, "चूक इथं नाही. चूक ए-७ खाल्लं तिथं आहे, आणि मधल्या तीन खेळ्या ही चूक लपवायला खेळल्यात."

उपाय त्याने सुचवला तो अगदी खेळाडूचा. ए-७ किंवा एच-७ वर पांढरा उंट आणि शेजारच्या फाइलमध्ये (उभ्या रांगेत) सहाव्या ओळीत काळं प्यादं असेल तर दीडशे वजा करायचे. काळ्यासाठी ए-२, एच-२ वर तसंच. दहा वर्षांच्या मुलाला गुरुजी जे सांगतात तेच. कोडमध्ये दोन ओळी. अशा नियमाला यंत्राचा वेळ जवळपास लागत नाही, पण सहा-आठ अर्ध्या खेळ्या खोल गेल्यावर जे दिसलं असतं ते आधीच कळतं.

त्यावर त्याने स्वतःच हरकतही घेतली, आणि ती मला आवडली. १९७२ मध्ये रेकयाविकला जगज्जेतेपदाच्या लढतीत स्पास्कीविरुद्धच्या पहिल्याच डावात फिशरने २९ व्या खेळीला उंटाने एच-२ खाल्लं, स्पास्कीने जी-३ खेळून तो कोंडला आणि फिशर तो डाव हरला. फिशरला हा नियम माहीत नव्हता असं कोण म्हणेल? म्हणून नियम बंदी म्हणून घालायचा नाही, दंड म्हणून घालायचा. शोधात खरोखर सुटका दिसली तर इंजिनने खावं. दीडशेचा आकडा मात्र अंदाजाचा होता, आणि अंदाजाची ही गोष्ट पुढे महागात पडली.

डोक्यातलं सगळं कोडमध्ये

दोन ओळींनी एवढं काम केल्यावर त्याने साहजिकच पुढची पायरी गाठली. डोक्यात आहे ते सगळं घालू. उंटांच्या जोडीला बक्षीस. मोकळ्या फाइलवरचा हत्ती, सातव्या ओळीतला हत्ती. प्याद्यांनी हुसकावता न येणारं घोड्याचं ठाणं. मागासलेली प्यादी. प्रत्येक मोहऱ्याला किती घरं मोकळी आहेत. आणि सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे राजावरचा हल्ला: राजाभोवतीच्या घरांवर किती मोहऱ्यांची नजर आहे, किल्लेकोटापुढचं कुठलं प्यादं हललंय, कुठल्या तिरप्या रेषा उघड्या आहेत. तो स्वतः हल्ल्याचा खेळाडू होता. उन्हाळी सुट्टीपर्यंत मूल्यमापनाचा कोड बाकी सगळ्या इंजिनपेक्षा मोठा झाला.

आता तपासणी. दोन आवृत्त्या एकमेकींशी खेळवायच्या, असंख्य डाव. इथे एक गणित सांगायला हवं, कारण खेळाडूंचा यात फार गोंधळ होतो. शंभर डावांत साधारण तिसरा हिस्सा बरोबरीत सुटला असं धरलं, तर निकालातली अनिश्चितता ५५ गुणांकनाच्या (ताकद मोजणाऱ्या 'रेटिंग'च्या) आसपास इकडे किंवा तिकडे असते. म्हणजे शंभरपैकी ५५ गुण मिळाले (तो फरक ३५ गुणांकनाचा) तरी नवी आवृत्ती खरंच चांगली आहे असं म्हणता येत नाही. फरक ५ गुणांकनापर्यंत नेमका मोजायचा तर बारा हजारांच्या आसपास डाव लागतात. प्रत्येक बाजूला दहा सेकंद आणि वर थोडी वाढ, असा एक डाव अर्ध्या मिनिटात संपतो; एका वेळी एक डाव खेळवला तर बारा हजार डावांना चार दिवस. दहा डावांच्या सामन्यावर विभागीय अजिंक्यपद ठरवणाऱ्याला हे पचवायला वेळ लागतो.

म्हणून प्रयोगशाळेतले संगणक रात्री लावले. महिना मे. नांदेडचा पारा चव्वेचाळिसाला, रात्री एसी बंद ठेवायचा नियम, आणि मधूनच वीज जायची. तापलेला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. एक संगणक खिडकीजवळचा, एक कोपऱ्यातला. दोघांवर तोच सामना लावला तर निकाल वेगळे यायचे. विजेत्याने यावर मार्ग काढला: वेळेचं बंधन नकोच. प्रत्येक खेळीला ठरावीक एक लाख स्थिती तपासू दे, मग किती का सेकंद लागेनात. उष्णतेचा परिणाम शून्य. रीत मान्यताप्राप्त आहे आणि कारणही रास्त होतं.

त्या सामन्यात ज्ञानाने भरलेली नवी आवृत्ती साध्या आवृत्तीला निर्विवाद हरवून गेली. तो खूश होता आणि त्याचं मूळ म्हणणं सिद्ध झालं असं त्याला वाटत होतं.

मी त्याला जून उजाडून पाऊस पडल्यावर तोच सामना घड्याळ लावून पुन्हा घ्यायला सांगितलं. नवी आवृत्ती हरली. तीच, तोच कोड.

कारण उघड आहे, पण त्याच्यासाठी ते उघड नव्हतं. राजाभोवतीच्या घरांवरची नजर मोजायची तर प्रत्येक स्थितीत प्रत्येक मोहऱ्याचा मारा काढावा लागतो. इंजिनचा वेग निम्म्याहून खाली आला होता. स्थितींची संख्या बांधून दिली की ही किंमत हिशोबातच येत नाही. दोघांनाही लाख स्थिती मिळतात, मग एकाला तिप्पट वेळ का लागेना. घड्याळ लावलं की साधी आवृत्ती त्याच वेळात जास्त खोल जाते आणि जे ज्ञान दुसरीला नियम म्हणून दिलंय ते ही प्रत्यक्ष खेळ्या पाहूनच शोधून काढते.

या प्रकरणातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची जागा हीच. विजेत्याच्या डोक्यात ज्ञान फुकट असतं. पट पाहिला की राजा उघडा पडलाय हे त्याला 'दिसतं', त्यासाठी वेगळा वेळ लागत नाही, उलट वाचतो. म्हणून आपल्याला माहीत असलेली प्रत्येक गोष्ट यंत्राला सांगितली की यंत्र सुधारणारच, असं त्याला मनापासून वाटतं. यंत्रात प्रत्येक नियमाचं भाडं द्यावं लागतं, आणि तेही प्रत्येक स्थितीत, सेकंदाला लाखो वेळा.

बर्लिनरसमोर हाच पेच होता आणि त्याने काढलेली वाट वेगळी होती. १९८५ मध्ये अमेरिकेतली संगणकांची स्पर्धा जिंकणारं त्याचं 'हायटेक' यंत्र सेकंदाला सुमारे पावणेदोन लाख स्थिती तपासायचं. खेळ्या काढण्यासाठी त्यात ६४ चिप होत्या, पटाच्या एका घराला एक. रचना कार्ल एबेलिंगची. पण बर्लिनरचा खरा आग्रह दुसऱ्या भागात दिसतो. पटावरचे आकृतिबंध ओळखण्यासाठीही त्यात वेगळं हार्डवेअर होतं. ज्ञानाला वेळ लागतो ना, मग ज्ञानच तारांमध्ये बसवू. १९८८ मध्ये हायटेकने ग्रँडमास्टर अर्नोल्ड डेंकरला साडेतीन-अर्धा असं हरवलं. डेंकर तेव्हा सत्तरी ओलांडलेला होता हे खरं, तरीही विजय मोठा होता.

तरी शर्यत त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या गटाने जिंकली. फेंग-श्युंग स्यू या विद्यार्थ्याने खेळ्या काढण्याचं काम एकाच चिपवर आणलं. मरे कॅम्पबेल आधी हायटेकच्या गटात होता, तोही तिकडे गेला. त्यांच्या 'डीप थॉट'ने १९८८ मध्येच ग्रँडमास्टर बेंट लार्सनला हरवलं, पुढे हा गट आयबीएममध्ये गेला आणि मे १९९७ मध्ये 'डीप ब्लू'ने कास्पारोव्हला साडेतीन-अडीचने हरवलं. तेव्हा वेग सेकंदाला वीस कोटी स्थितींपर्यंत पोचला होता. वेगाने ज्ञानाला हरवलं, असं यावर सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. डीप ब्लूच्या चिपमध्येही मूल्यमापनाचं भरपूर ज्ञान होतं. फरक भाड्याचा होता. त्यांनी ते ज्ञान जास्त स्वस्तात बसवलं.

आकडे कुणाचे

दुसरी अडचण आकड्यांची. ए-७ च्या उंटाला दीडशे, उघड्या राजाला ऐंशी, हे आकडे आले कुठून? त्याच्या पोटातून. इथे लॅरी कॉफमनचं उदाहरण उपयोगी पडलं. हा माणूस तरुणपणी, १९६७ च्या सुमारास, एमआयटीमधल्या 'मॅक हॅक' प्रोग्रामच्या सुरुवातीच्या खेळ्यांच्या पुस्तकावर काम करत होता. २००८ मध्ये ज्येष्ठांचा जगज्जेता झाला आणि ग्रँडमास्टर किताब मिळाला. राजलिचच्या 'रिबका ३' या इंजिनचं मूल्यमापन त्याने घडवलं आणि पुढे 'कोमोडो' या इंजिनवर डॉन डेलीसोबत काम केलं. १९९९ साली मोहऱ्यांच्या किमतीवर त्याने लेख लिहिला तेव्हा तो इंटरनॅशनल मास्टर होता, स्वतःचं मत सांगितलं असतं तरी लोकांनी ऐकलं असतं. त्याने त्याऐवजी डावांच्या मोठ्या संग्रहातून मोजणी केली. घोडा आणि उंट सव्वातीन-सव्वातीन, वजीर पावणेदहा, उंटांच्या जोडीला अर्धं प्यादं जास्त. 'जोडी चांगली' हे प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. 'अर्धं प्यादं' हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

आमच्या गटाने तेच केलं, आजच्या पद्धतीने. इंजिनच्या स्वतःच्याच डावांतल्या स्थिती घ्यायच्या, प्रत्येक डावाचा निकाल जोडायचा, आणि मूल्यमापनाचा अंदाज निकालाशी जास्तीत जास्त जुळेल असे आकडे संगणकाला शोधू द्यायचे. हे काम त्या घोडा न येणाऱ्या मुलीने केलं. निकाल वाचनीय होता. उंटांच्या जोडीचा त्याचा आकडा जवळपास तसाच राहिला. हल्ल्याचे आकडे बरेच खाली आले. तो ज्या पद्धतीने खेळतो त्या पद्धतीला त्याने जास्त भाव दिला होता. आणि पुढे गेलेल्या मोकळ्या प्याद्याला (ज्याची वाट अडवायला विरुद्ध प्यादं उरलेलं नाही) त्याने दिलेला भाव फारच कमी निघाला. अंत्यखेळापर्यंत त्याचे डाव क्वचितच जायचे, हे त्याने स्वतःच सांगितलं.

मग छाटणी. नियम ठेवायचा की नाही, याची कसोटी त्यांनी दोन प्रश्नांवर आणली: या खोलीच्या शोधाला हे आपोआप दिसत नाही ना, आणि याला वेळ किती लागतो? ए-७ चा उंट टिकला. एच फाइलचं प्यादं, बढतीच्या घराच्या उलट रंगाचा उंट आणि त्या कोपऱ्यात पोचलेला विरुद्ध राजा, म्हणजे बरोबरी, हाही टिकला. त्याला फुटकळ वेळ लागतो आणि शोधाला ते वीस खेळ्यांतही कळत नाही. राजावरच्या हल्ल्याचा फक्त हलका भाग उरला. घड्याळावरच्या सामन्यात ही छाटलेली आवृत्ती आधीच्या दोन्हींच्या पुढे गेली.

मध्येच एक मुद्दा आला तो थोडक्यात सांगतो. गटातल्या एकाने 'स्टॉकफिश' या नावाजलेल्या इंजिनचं मूल्यमापन उचलायचं सुचवलं. कोड खुलाच आहे. परवान्याच्या अटी पाळून आणि सांगून वापरलं तर गुन्हा नाही, पण मग हा प्रकल्प उरत नाही. शिवाय राजलिचचं उदाहरण समोर होतं. स्वतः इंटरनॅशनल मास्टर, त्याचं 'रिबका' काही वर्षं जगातलं सगळ्यात बलवान इंजिन. २०११ मध्ये संगणक खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 'क्राफ्टी' आणि 'फ्रूट' या प्रोग्राममधून उचलल्याचा ठपका ठेवून त्याची २००७ ते २०१० ची जागतिक विजेतेपदं काढून घेतली. त्या निर्णयावर अजून वाद घालणारे लोक आहेत. आम्ही वादात न पडता तो प्रस्ताव बाजूला ठेवला.

तोंडी परीक्षा आणि नंतर

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की २०२० पासून स्टॉकफिश मूल्यमापनासाठी छोटं न्यूरल नेटवर्क वापरतं, २०२३ मध्ये तर हाताने लिहिलेलं मूल्यमापन त्यातून काढूनच टाकलं. मग तुम्ही हे सगळं कशाला केलं? प्रश्न बरोबर होता. विजेत्याने उत्तर दिलं की नेटवर्कला शिकवायलाही डाव लागतात, ते डाव खेळायला इंजिन लागतं, आणि इंजिन चुकतंय कुठे हे कुणीतरी बघावं लागतं. मला ते उत्तर पुरेसं वाटलं. परीक्षकांना किती पटलं ते गुणांवरून सांगता येत नाही.

प्रकल्प संपेपर्यंत गटातली कामं कुणी न ठरवता वाटली गेली होती. नियम आणि आकडे मुलीकडे. हरलेले डाव त्याच्याकडे. तो डाव उलटा वाचायचा, आकडा घसरला त्या खेळीपासून मागे, आणि पहिली खरी चूक कुठे झाली ते शोधून तिला एका ओळीचं नाव द्यायचा: 'घोडा कोपऱ्यात', 'हत्ती स्वतःच्याच राजाने कोंडला', 'वजीर एकटाच फिरतोय'. त्या वहीतल्या निम्म्याहून जास्त नोंदींवर नियम लिहिलाच नाही. शोधात किंवा खेळ्यांच्या क्रमात दुरुस्ती करून त्या सुटल्या. पण नोंद त्याचीच.

एक नोंद अजून सुटलेली नाही. प्यादी एकमेकांत अडकून पट दोन भागांत बंद झालेला असतो, एका बाजूला हत्ती जास्त असतो, पण आत शिरायला एकही फाइल उघडी नसते. कुठल्याही तालुका पातळीच्या खेळाडूला कळतं की ही बरोबरी आहे. इंजिन पाचशेने जिंकतोय असं सांगत पन्नास खेळ्या हत्ती इकडून तिकडे फिरवतं, आणि बरोबरी टाळायची म्हणून शेवटी एक प्यादं फोडून हरतं. शोध कितीही खोल नेला तरी हे दिसत नाही, आणि ओळखण्याचा स्वस्त नियम त्याला सापडत नाही. जो लिहिला तो खरंच जिंकलेले डावही बरोबरीत सोडायला लागला. तो आता पुण्यात बँकांच्या सॉफ्टवेअरचं काम करतो. गेल्या रविवारी त्याने अशा बंद पटांच्या आणखी काही स्थिती पाठवल्या, त्यातल्या दोन मुखेडच्या पारावरच्या आहेत, आजोबांच्या डावांतल्या.